ग्रुपवर राजकारण नको, नळाला पाणी मात्र हवे

२०२४ च्या फेब्रुवारीत अंधेरीतल्या एका पुलाचे छायाचित्र मुंबईभर मोबाइलवर फिरले. अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आला होता. जवळजवळ सोळा महिने लोकांनी वळसे घालून दिवस काढले. २६ फेब्रुवारीला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा लक्षात आले की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याचा सांधाच जुळलेला नाही. एक पूल वर, दुसरा खाली, आणि मध्ये दीड-दोन मीटरचा फरक. रुळांवरच्या पुलांसाठी रेल्वेने उंचीचा निकष वाढवला होता. नवा पूल त्या निकषाप्रमाणे उंच झाला, जुना उड्डाणपूल होता तिथेच राहिला.

ज्यांचे रोजचे दोन तास त्या कोंडीत गेले होते, त्यांनी त्या छायाचित्राखाली पोटतिडकीने लिहिले. आराखडा कोणी तपासला? उंची वाढणार हे रेल्वेने कळवले तेव्हा महापालिकेत ते कोणी वाचले? आता जोडणीचा खर्च कोणाच्या खिशातून? प्रश्न अगदी रास्त होते. पण ज्या सभागृहात ते विचारायचे, ते त्या दिवशी रिकामे होते. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. पूल बंद झाला, पाडला गेला, नव्याने उभा राहिला, अर्धा सुरू झाला आणि जुलै २०२४ मध्ये उड्डाणपूल वर उचलून सांधाही जुळवला गेला. या सबंध काळात २२७ पैकी एकाही जागेवर लोकांनी निवडून दिलेला माणूस बसलेला नव्हता. ज्या गोखल्यांचे नाव त्या पुलाला आहे, त्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले होते. कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आकड्यांनिशी सरकारला जाब विचारणारा माणूस म्हणून सारा देश त्यांना ओळखत होता.

शहरातल्या सामान्य माणसाला मत नाही, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. लोकलच्या डब्यात, पीएमपीच्या थांब्यावर, सोसायटीच्या कट्ट्यावर आणि या सगळ्यांहून अधिक त्याच्या हातातल्या फोनवर मत सतत मांडले जाते. अडचण वेगळीच आहे. त्याच्या मताची वाटणी झाली आहे, आणि ती वाटणी त्याच्या तोट्याची आहे.

जवळजवळ प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नियम असतो: इथे राजकीय पोस्ट नको. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पक्षांवरून भांडणे झाली, लोक ग्रुप सोडून गेले, गणपतीच्या वर्गणीवरही त्याचा परिणाम झाला. त्यातून हा नियम आला. पण त्याच ग्रुपवर दिवसभर काय चालते? टँकर किती वाजता येणार, वरच्या मजल्याला पाणी का चढत नाही, समोरचा रस्ता या वर्षात पुन्हा का खोदला, कचऱ्याची गाडी दोन दिवस का आली नाही, पदपथावरचे झाड कोणाच्या परवानगीने तोडले, चेंबरचे झाकण कधी बसणार. यातली एकही गोष्ट राजकारणाबाहेरची नाही. कोणत्या भागाला किती पाणी द्यायचे, कोणता रस्ता आधी करायचा, ठेका कोणाला द्यायचा, हे सगळे राजकीय निर्णय आहेत. राजकारण म्हणजे कोण कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात गेला एवढेच, अशी समजूत झाल्यामुळे शहराचे प्रश्न ‘तक्रार’ या सदरात गेले. आणि तक्रार करणारा माणूस हळूहळू नागरिक न राहता ग्राहक झाला.

गेल्या काही वर्षांत या समजुतीला व्यवस्थेनेच खतपाणी घातले. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकेची मुदत पाच वर्षे ठरवून दिली आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे कलम २४३-यू मध्ये लिहून ठेवले. महाराष्ट्रात काय घडले? छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरची मार्च २०२२ मध्ये. आधी कोविड आला. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. ४ मार्च २०२१ च्या निकालाने त्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी पूर्ण करण्याची अट घातली. त्यानंतर प्रभागांच्या संख्येचा खेळ झाला. मुंबईच्या २२७ जागा एका सरकारने २३६ केल्या, पुढच्या सरकारने पुन्हा २२७ केल्या. तेही प्रकरण न्यायालयात गेले आणि ‘जैसे थे’चा आदेश आला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, नंतर मुदतवाढ दिली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबईत तीन वर्षे दहा महिने, काही शहरांत पाच वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहच नव्हते.

या काळात शहरे थांबली नाहीत. पैसाही थांबला नाही. २०२५-२६ साठी मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते, पुण्याचे १२,६१८ कोटींचे. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग मुख्य सभेत दिवसचे दिवस चर्चा होते. प्रशासकाच्या राजवटीत मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. त्या अधिकाऱ्याच्या सचोटीचा इथे प्रश्न नाही. कितीही कर्तबगार अधिकारी असला तरी पुढच्या निवडणुकीत त्याला कोणाच्या दारात मत मागायला जायचे नसते. रिकाम्या जागेत दुसरी सत्ताही शिरली. २०२३ मध्ये मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात उपनगरांच्या पालकमंत्र्यांसाठी कार्यालय दिले गेले आणि माजी नगरसेवकांनी त्याला विरोध केला. महापालिकेच्या इमारतीत मंत्री बसू लागला तेव्हा निवडून आलेल्या नगरसेवकाला मात्र तिथे खुर्ची नव्हती.

नगरसेवकांबद्दल भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. टक्केवारी, नात्यागोत्यातले ठेकेदार, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीपुरते दर्शन, हे सगळे लोकांनी पाहिले आहे. पण त्याचे घर कुठे आहे हे वस्तीला माहीत असते. ड्रेनेज तुंबून घरात पाणी शिरले तर सकाळी सातला त्याच्या दारात चार बायका उभ्या राहू शकतात. दाखल्यावरची सही, रुग्णालयातल्या खाटेसाठी एक फोन, शाळेच्या प्रवेशासाठी शब्द, अशी कामे त्याच्याकडून होतात. स्मार्टफोनवर अर्ज कसा भरायचा हे ज्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला ठाऊक नाही, तिच्यासाठी महापालिका म्हणजे तो माणूस. पावणेचार वर्षे तिला सांगितले गेले की अ‍ॅपवर तक्रार करा. तक्रार नोंदवली की क्रमांक येतो, आठवड्याने ‘निराकरण झाले’ असा संदेश येतो, आणि खड्डा किंवा गळणारा नळ आहे तिथेच असतो. हा अनुभव कोण्या एका शहराचा नाही. तक्रार बंद झाली की नाही हे तक्रारदाराने ठरवायचे, एवढी साधी अट अनेक ठिकाणी नाही.

मग लोकांनी आपला मोर्चा समाजमाध्यमांकडे वळवला. त्याचे बळ मोठे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला, आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. त्या ‘तीनशे शब्दां’नी देश हादरला. लोकांच्या संतापामुळेच बालन्याय मंडळाला तीन दिवसांत आदेश बदलावा लागला, रक्ताचा नमुना बदलल्याचे प्रकरण उजेडात आले, रुग्णालयातले डॉक्टर गजाआड गेले. लोक बोलले नसते तर हे घडले असते का, याचे उत्तर देणे अवघड नाही.

पण त्याच घटनेने मर्यादाही दाखवली. पुढचे काही आठवडे बेकायदा पब आणि रूफटॉप हॉटेलांवर हातोडे पडले आणि वाहिन्यांनी ते दिवसभर दाखवले. मग चर्चा पुढच्या विषयाकडे गेली. ती बांधकामे इतकी वर्षे उभी कशी राहिली, परवाने कोणत्या टेबलावरून गेले, हे विचारायला पुण्यात त्या वेळी मुख्य सभा नव्हती. समाजमाध्यमावरचा संताप पुरासारखा येतो. त्याला अडवून पाटाने शेतात नेणारे धरण शहरात बांधलेले नसेल, तर तो वाहून जातो.

याच माध्यमांवर सामान्य माणसाने आपल्या मताची किंमतही मोजली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. या घटनेने अस्वस्थ झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरले. आज कोणीही सरकारवर, पक्षावर, पुढाऱ्यावर फोनवरून टीका करतो, तेव्हा त्याच्या पाठीशी पालघरच्या त्या दोन मुलींनी सोसलेला त्रास उभा असतो.

या माध्यमांची दुसरी बाजू दाखवणारी घटना याहून भीषण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. राईनपाड्यात फोन होता, गर्दी होती, भीती होती. आलेल्या संदेशाची शहानिशा करणारे कोणी मात्र नव्हते. शहरांच्या ग्रुपवर आजही एखाद्या फेरीवाल्याचा, भाडेकरूचा, परप्रांतीय मजुराचा फोटो ‘सावध राहा’ म्हणून फिरतो. तो पुढे पाठवणाऱ्या सज्जन माणसाने राईनपाडा आठवावा.

आणखी एक गोष्ट सोसायट्यांच्या ग्रुपवर दिसत नाही, ती म्हणजे ग्रुपबाहेरचे शहर. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली ४० टक्क्यांहून अधिक घरे झोपडपट्टीत मोजली गेली. या घरांचे मत ट्रेंड होत नाही. तरी त्यांनी ते ऐकायला लावले आहे. २००० नंतरच्या वस्त्यांना अधिकृत नळजोड मिळत नसे. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की घर अनधिकृत असले तरी माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर केले. अंमलबजावणीसाठी वस्त्यांना आजही अर्जांचे गठ्ठे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पण जे मिळाले ते अर्ज, बैठका, मोर्चे आणि याचिका अशा सांधलेल्या साखळीतून मिळाले.

खड्ड्यांचे उदाहरणही असेच आहे. २०१३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांची दशा पाहून उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्या पत्राची जनहित याचिका झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने आदेश दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये, जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. एका न्यायमूर्तीच्या पत्राला इथवर यायला बारा वर्षे लागली, हे खेदाचे आहे. पण त्या बारा वर्षांत मुंबईच्या खड्ड्यांची किती छायाचित्रे फोनवर येऊन गेली असतील! त्यातली बहुतेक पुसली गेली. नोंदीवर राहिले ते पत्र.

पुण्याकडे या बाबतीत एक मोलाची गोष्ट आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. २००६ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, आपल्या भागातले काम सुचवायचे. एका कामासाठी पाच लाख रुपयांपर्यंतची मर्यादा. पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बसथांब्याला आडोसा, ज्येष्ठांसाठी बाक, अशा मागण्या त्यातून येतात. बारा हजार कोटींच्या अंदाजपत्रकात ही रक्कम चिमूटभर आहे. सुचवलेले प्रत्येक काम होत नाही, झाले तरी सुचवणाऱ्याला कळवले जाईल याची खात्री नसते. तरीही त्या अर्जात एक ताकद आहे: तिथे मत कामाच्या रूपात, ठिकाणासह आणि खर्चासह लिहावे लागते. ‘रस्ते भयंकर आहेत’ हे वाक्य तिथे चालत नाही. कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, काय हवे, हे सांगावे लागते. चांगले राजकारण इथूनच सुरू होते.

जानेवारी २०२६ च्या मतदानाने सभागृहे पुन्हा भरली. मुंबईत निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी मत दिले. चार वर्षे रस्त्यांवरून, पाण्यावरून, धुळीवरून चिडलेल्या शहरात जवळजवळ निम्मी माणसे त्या दिवशी घरी राहिली, ही खंत लपवण्यात अर्थ नाही. कल्याण-डोंबिवलीसह काही ठिकाणी मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदाराला ‘नोटा’चे बटणही मिळाले नाही. मतदानाच्या दिवशी बोटावरची मार्करची शाई पुसली जात असल्याच्या चित्रफिती फिरल्या आणि निवडणूक आयोगाला खुलासे द्यावे लागले. या तक्रारींचा निकाल लागला पाहिजे.

त्याशिवाय पद्धतीचाही एक दोष आहे. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. एका प्रभागात चार जण, एका ठिकाणी पाच. जुन्या जनगणनेच्या हिशेबानेही एका प्रभागात ऐंशी हजारांहून अधिक लोक येतात. चार बटणे दाबून बाहेर पडलेल्या मतदाराला गळक्या नळासाठी नेमके कोणाला धरायचे, हे सांगता येत नाही. चौघांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, अशी गत होते. एका प्रभागाला एक प्रतिनिधी ही पद्धत राज्यभर आणायला हवी, आणि ही मागणी सर्व पक्षांकडे करायला हवी. कारण बहुसदस्य प्रभागांची सोय वेगवेगळ्या सरकारांनी आपापल्या वेळी पाहिली आहे.

याहून जवळची मागणी क्षेत्रसभेची. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदान केंद्रांच्या गटागटाने मतदारांची सभा भरावी, नगरसेवकाने तिथे बसून ऐकावे आणि उत्तर द्यावे, अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्येच कायद्यात केली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा निधी मिळवण्यासाठी ती अट होती. निधी आला आणि खर्चही झाला. क्षेत्रसभा मात्र कागदावरच राहिल्या. किती जणांना आपल्या क्षेत्रसभेची तारीख सांगता येईल? ज्या कायद्याला सतरा वर्षे झाली, तो नवीन सभागृहांनी पहिल्याच वर्षी अमलात आणावा. त्यासाठी नवा पैसा लागत नाही. शाळेचे एक सभागृह, एक वही आणि चार तास लागतात.

तोवर जे आहे ते वापरता येईल. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे राज्यघटनाच सांगते. मुंबईत अशा १७ समित्या आहेत. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई दर वर्षी मे अखेरपर्यंत संपवायची असते आणि तिचे देयक गाळाच्या वजनावर निघते. आपल्या भागातल्या नाल्यातून किती गाळ निघाला, तो कुठे टाकला, देयक कोणी तपासले, हे प्रश्न प्रभाग समितीत नगरसेवकामार्फत विचारता येतात, माहिती अधिकारात मागता येतात. नाल्याचे जे छायाचित्र आज ग्रुपवर टाकले जाते, तेच तारखेसह अर्जाला जोडता येते.

पुढच्या महिन्यात प्रभाग समितीची बैठक कोणत्या दिवशी आहे, असे एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी विचारले, तर अ‍ॅडमिनने तो संदेश राजकीय म्हणून काढून टाकू नये. टँकरच्या वेळेशेजारी ती तारीखही वर चिकटवून ठेवावी.